ना. म. जोशी आणि आमच्या घरातली फाईल

लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडले की जो रस्ता लागतो त्याला जुनी माणसे अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. पाटीवर मात्र ना. म. जोशी मार्ग असे लिहिलेले आहे. माझे आजोबा त्या रस्त्यावरच्या बी. डी. डी. चाळीत गाववाल्यांच्या खोलीवर राहत आणि गिरणीत बदली कामगार म्हणून राबत. त्या पाटीखालून त्यांनी हजारो वेळा ये-जा केली असेल. पण हे जोशी कोण, असे मी विचारले तेव्हा असतील कुणी पुढारी, एवढेच ते म्हणाले. हे जोशी आमच्याच माणगावाजवळच्या गोरेगावचे, म्हणजे जिथे आमच्याकडची माणसे एस. टी. ने बाजाराला जातात त्या गोरेगावचे, हे आजोबांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मला जोशी भेटले ते एका फाईलमुळे. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर अकरा वर्षे कामाला होते. जादा कामाचे पैसे नियमाप्रमाणे दुप्पट मिळत नाहीत अशी तक्रार त्यांनी २००९ साली लेखी दिली. महिनाभरात त्यांच्या हातात आरोपपत्र पडले: वरिष्ठांशी उद्धट वर्तन आणि मुद्दाम काम संथ करणे. आधी निलंबन, मग अंतर्गत चौकशी, मग बडतर्फी. त्यानंतरची सगळी वर्षे आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत एका जाड फाईलच्या रूपाने शिल्लक आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ती पहिल्यांदा नीट वाचली. स्थायी आदेश, निर्वाह भत्ता, समेट अधिकारी, अपयशाचा अहवाल, संदर्भ, निवाडा असे शब्द त्यात पानोपानी आहेत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न पडला की हे सगळे आले कुठून? कामावरून काढलेल्या माणसाला जाब विचारायची सोय आपोआप तर झाली नसेल. तो माग काढत मागे मागे गेलो तर बहुतेक प्रत्येक वळणावर एक चष्मिष्ट, शांत गृहस्थ आधीच येऊन बसलेले दिसले. ते ना. म. जोशी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा. शिक्षण पुण्याला झाले आणि १९०१ साली ते डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. पुढची काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. इथपर्यंतचे चरित्र त्या काळच्या शेकडो कोकणस्थ पदवीधरांचे आहे. वळण आले १९०९ साली. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते सभासद झाले. तुटपुंज्या वेतनावर जन्मभर सार्वजनिक काम करायचे, अशी तिथली शपथ. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या, दवापाणी ही तिची कामे. गिरणगावात जाऊन मजुरांना अक्षरे शिकवणारा सुशिक्षित ब्राह्मण म्हणून आज आपण कदाचित थोडे हसू. मीही सुरुवातीला हसलो होतो. पण ज्या माणसाने पुढे सव्वीस वर्षे दिल्लीच्या कायदेमंडळात मजुरांची बाजू मांडली, त्याला चाळीतल्या खोलीचे भाडे आणि पठाणाच्या कर्जाचे व्याज किती असते हे याच वर्षांत कळले असणार.

आता त्या काळी कामावरून काढणे म्हणजे काय होते ते सांगायला हवे, नाहीतर जोशींचे काम कळणार नाही. गिरणीत माणूस घेणारा आणि काढणारा मालक नसे, जॉबर असे. त्याची मर्जी राखायची, त्याला दस्तुरी द्यायची, सणावाराला त्याच्या घरी काहीतरी पोचवायचे. मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी मागावर दुसराच माणूस उभा. कारण विचारायचे कुणाला? जॉबरला? त्यानेच तर काढले! शिवाय मागचा पगार गिरणीकडे अडकलेला. कोर्टात जावे तर मालक आणि नोकर यांच्यातला करार एवढेच कोर्ट पाहणार. फार तर नोटिशीच्या मुदतीचे पैसे मिळतील, काम परत मिळणार नाही. आणि उलट बाजू कशी होती पाहा. १८५९ चा एक कायदा होता. त्याप्रमाणे उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई आणि हुकूम देऊनही तो कामावर गेला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होई. मजुराने काम सोडले तर गुन्हा, मालकाने मजूर सोडला तर व्यवहार. हा कायदा १९२५ साली रद्द झाला, म्हणजे जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन चार वर्षे झाल्यावर.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यातल्या मागण्या मी मुद्दाम पुन्हा पाहिल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर पगार. कामावरून काढताना कारण द्या, ही मागणी त्यात नाही. लोखंड्यांना ती सुचली नसेल असे मला वाटत नाही. ती मागण्याजोगी गोष्ट आहे असेच तेव्हा कुणाला वाटत नसावे. ऊन-पावसासारखे होते ते.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तिला हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. गंमत अशी की त्यांना निवडून देईल अशी कामगारांची देशव्यापी संघटनाच नव्हती. प्रतिनिधी होता, पण तो ज्यांचा प्रतिनिधी ते एकत्र आलेले नव्हते. ही उणीव ज्यांना टोचली त्यांत खुद्द जोशी होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, त्यात जोशी अग्रभागी होते. १९२५ ते १९२९ आणि पुन्हा १९४० ते १९४८ ते तिचे सरचिटणीस होते. १९२१ साली सरकारने त्यांना कायदेमंडळात मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नेमले. त्याच सुमारास देऊ केलेला सी. आय. ई. हा किताब मात्र त्यांनी नाकारला. नेमणूक घेतली आणि किताब नाकारला, यात मला तरी विसंगती दिसत नाही. नेमणुकीचा मजुरांना उपयोग होता.

नेमके तेव्हाच मद्रासला एक प्रकरण घडत होते. बी. पी. वाडिया यांनी १९१८ साली तिथे मद्रास लेबर युनियन काढली होती. बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात मालक कंपनीने वाडियांवर आणि इतरांवरच उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना करार मोडायला चिथावले म्हणून नुकसानभरपाई द्या, असा तो दावा. कोर्टाने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम दिला. म्हणजे संघटना करणे हीच जोखीम झाली. आज आपण नोकरीवरून काढलेल्या माणसाने मालकावर केलेल्या दाव्यांच्या बातम्या वाचतो. तेव्हा दावे मालक करत आणि ते संघटनेवर करत. जोशींनी मार्च १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव आणला की कामगार संघांची नोंदणी आणि त्यांना संरक्षण यांसाठी कायदा करावा. ठराव झाला. कायदा व्हायला १९२६ उजाडले आणि अंमल सुरू झाला १ जून १९२७ ला. एका ठरावाला सहा वर्षे! नोंदलेल्या संघाच्या पदाधिकाऱ्यांवर तंट्यातल्या कामाबद्दल फौजदारी कटाचा आरोप आणि दिवाणी दावा यांपासून या कायद्याने बचाव दिला. पण त्यात एक मोठे भगदाड राहिले. संघाचा सभासद झाला म्हणून मालकाने एखाद्याला काढले तर त्यावर या कायद्यात उपाय नव्हता.

जोशी त्यावर थांबले नाहीत. जानेवारी १९२६ मध्ये मुंबईत टेक्स्टाईल लेबर युनियन निघाली. जोशी अध्यक्ष आणि र. रा. बखले चिटणीस. एकट्या कामगाराची तक्रार लिहून घ्यायची, खरी-खोटी पाहायची, गिरणीच्या मॅनेजरला पत्र घालायचे, उत्तर आले नाही तर पुन्हा पत्र घालायचे, असे या संघाचे मोठे काम असे. अहमदाबादला मजूर महाजनाने हेच काम फार पद्धतशीरपणे चालवले होते. तिथे तक्रार नोंदवही होती, गिरणीत जाऊन चौकशी करणारे लोक होते आणि शेवटी गांधीजी व मालकांच्या बाजूने मंगळदास शेठ असे लवाद होते. मुंबईच्या मालकांनी असा लवाद कधी मानला नाही. त्यामुळे जोशींच्या हातात उरले पत्र. पत्र लिहिणारा पुढारी कुणाला आवडतो? सभेत टाळ्या पडत नाहीत, मिरवणूक निघत नाही. आमच्या फाईलमध्येही युनियनच्या प्रतिनिधीने कारखान्याला लिहिलेली सात पत्रे आहेत. सातांपैकी पाचांना उत्तर नाही. तरी पुढे कोर्टात तीच पत्रे कामाला आली, कारण तक्रार बडतर्फीच्या आधीची होती हे त्यांच्या तारखांवरून सिद्ध झाले.

१९२८ चा संप हा जोशींच्या चरित्रातला सगळ्यांत नाट्यमय भाग. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. संयुक्त संप समितीत एका बाजूला जोशी आणि दुसऱ्या बाजूला डांगे, मिरजकर यांच्यासारखे तरुण कम्युनिस्ट. स्वभावाने, वयाने, मताने कशातच मेळ नाही. तरीही सहा महिने ते एका टेबलाशी बसले. या संपाची पगारकपातीची बाजू सर्वांना ठाऊक असते. पण तंट्यात आणखी एक विषय होता, तो स्थायी आदेशांचा. कामावर केव्हा यायचे, दंड कशाबद्दल, कुणाला कोणत्या कारणाने काढता येईल, नोटीस किती, याचे नियम मालकसंघाने तयार केले होते आणि कामगारांना ते मान्य नव्हते. संप मिटला तेव्हा न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे वेतनाबरोबर हे नियमही गेले. कामावरून काढण्याचे नियम मालकाने एकट्याने लिहायचे नाहीत, ते बाहेरच्या कुणाला तरी दाखवावे लागतील, हे मुंबईच्या गिरणी धंद्यात इतक्या उघडपणे बहुधा प्रथमच ठरले. मला स्वतःला हा त्या संपाचा सर्वांत टिकाऊ भाग वाटतो. आमच्या प्राध्यापकांना तो वाटत नाही. त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्याच वर्षी सगळे विस्कटले. मार्च १९२९ मध्ये डांगे प्रभृतींना मीरत कटाच्या खटल्यात पकडले. एप्रिलमध्ये औद्योगिक तंट्यांचा कायदा झाला. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला तो याच कायद्याच्या वेळी, आणि ज्या सभागृहात टाकला त्याचे जोशी सभासद होते. त्या कायद्याने संपावर बंधने आणली. चौकशी न्यायालय आणि समेट मंडळ नेमण्याची तरतूदही केली, पण ते नेमायचे की नाही हे सरकारच्या मर्जीवर. एका माणसाला काढले म्हणून सरकार मंडळ थोडेच नेमणार! त्यातच इंग्लंडहून व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली मजूर प्रश्नाचे रॉयल कमिशन आले. जोशींनी त्याचे सभासदत्व स्वीकारले. नागपूरच्या अधिवेशनात, पंडित नेहरू अध्यक्ष असताना, कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला. जोशी, दिवाण चमनलाल, वि. वें. गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा संघ काढला. जी संस्था स्वतः उभी केली तीच सोडावी लागली. नेमस्त, सरकारी, तडजोडवाला ही विशेषणे त्यांना तेव्हापासून चिकटली ती चिकटलीच.

मीही फाईल वाचण्यापूर्वी याच बाजूचा होतो. सरकारी कमिशनवर कशाला बसायचे? पण १९३१ च्या त्या अहवालात जॉबरची लाचखोरी स्पष्ट लिहिलेली आहे, आणि माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेऊन लेबर ऑफिसरकडे द्यावा अशी शिफारस आहे. चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यांदा सरकारी कागदावर आली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर नेमला गेला आणि कामगाराची तक्रार घेऊन गिरणीत जायचा त्याला अधिकार मिळाला. तो सरकारचाच माणूस, संघटनांना बाजूला सारण्यासाठी त्याचा उपयोग झाला, हा आक्षेपही खरा आहे. जोशींच्या पद्धतीची ही नेहमीची अडचण. दार उघडायचे, पण दारावर पहारेकरी सरकारचा.

दुरावा भरून निघायला १९४० उजाडले. जोशी परत सरचिटणीस झाले, ते कम्युनिस्टांनाही चालतील म्हणून. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला दुसरा माणूस नव्हता, हे त्यांच्याबद्दल पुष्कळ काही सांगते. १९४२ पासून डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा तेव्हाच सुरू झाल्या. स्थायी आदेशांचा विषय तिथे पुन्हा निघाला आणि १९४६ साली देशभरासाठी त्याचा कायदा झाला. गैरवर्तन कशाला म्हणायचे, ते लिहून ठेवा. आरोप लेखी द्या. कामगाराचे म्हणणे ऐका. १९४७ साली औद्योगिक तंट्यांचा नवा कायदा आला, समेट अधिकारी आणि न्यायाधिकरणे आली. १९४९ साली मुंबईतल्याच वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने निर्णय दिला की काढलेल्या कामगाराला परत कामावर घ्या, असा हुकूम न्यायाधिकरण देऊ शकते. साधे दिवाणी कोर्ट जे कधी देत नसे ते इथे मिळाले. हे सर्व एकट्या जोशींनी केले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्यामागे संप होते, गोळीबार होते, तुरुंग होते. पण १९२१ पासून १९४७ पर्यंत सभागृहात चिकाटीने बसून कलमे वाचणारा हाच एक माणूस होता.

३० मे १९५५ रोजी ते गेले. पुढच्या दुरुस्त्या त्यांनी पाहिल्या नाहीत. १९६५ च्या दुरुस्तीने संघटना पाठीशी नसली तरी एकट्या कामगाराची बडतर्फी हा औद्योगिक तंटा मानला जाऊ लागला. १९७१ मध्ये शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त आहे काय, हे तपासून ती बदलण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. आप्पांचा निवाडा या दोन्ही दुरुस्त्यांवर उभा आहे. जोशींच्या काळाशी नाते सांगणारे ते तिन्ही कायदे, १९२६, १९४६ आणि १९४७ चे, संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत गुंडाळले गेले आहेत. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, असे ती म्हणते. आप्पांनी हे वाचले आणि समितीत कोण कोण बसणार, एवढेच विचारले.

निवाडा २०१९ साली लागला. चौकशी निष्पक्ष झाली नाही, सेवेत सलगता धरून कामावर घ्यावे आणि मागील पगाराचे चाळीस टक्के द्यावेत. दहा वर्षांत आप्पांनी रिक्षा चालवली, रंगारी झाले, आईने शिवणकाम केले, ताईचे कॉलेज सुटले. कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०२२ मध्ये आप्पांनी एकरकमी पैसे घेऊन तडजोडीवर सही केली. कामावर ते परत गेले नाहीत. मी तेव्हा बारावीत होतो आणि त्यांच्याशी महिनाभर नीट बोललो नव्हतो. जिंकलेली केस सोडली याचा मला फार राग आला होता. नागपूरच्या अधिवेशनात जोशींवर चिडलेल्या तरुणांचा राग मला म्हणूनच चांगला समजतो. राग बरोबर होता की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. फक्त एवढे कळले की सही करणाऱ्या माणसाच्या मागे किती तारखा असतात ते सहीत दिसत नाही.

हा लेख छापायला दिला की फाईल परत घरी न्यायची आहे. आप्पांनी ती देताना पाने मोजून दिली आहेत. दोनशे चौदा.